प्रौढ शिक्षणाचे वर्ग श्रद्धास्थानांच्या दारी भरावेत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ८ सप्टेंबरला जागतिक साक्षरता दिन साजरा होतो, शाळाशाळांतून शपथ घेतली जाते, वृत्तपत्रांत टक्केवारी छापून येते आणि दुसऱ्या दिवसापासून प्रौढ निरक्षरांचा विषय पुन्हा वर्षभरासाठी मागे पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८२ टक्के आणि स्त्रियांमधील प्रमाण सुमारे ७६ टक्के होते. म्हणजे सात वर्षांवरील दर चार स्त्रियांपैकी जवळजवळ एकीला लिहिता-वाचता येत नव्हते. त्या वेळी चाळिशीत असलेल्या स्त्रिया आता पन्नाशीच्या पुढे गेल्या आहेत. विद्येचे माहेरघर म्हणवून घेणाऱ्या पुण्यातही त्या आपल्या अवतीभवतीच असतात. कुणी आपल्या घरी स्वयंपाकाला येते, कुणी मंडईत भाजी विकते, कुणी बांधकामावर घमेली वाहते, कुणी सोसायटीचा कचरा उचलते. त्यांच्या शिक्षणाबाबत एक सूचना आपल्या वाचकांपुढे मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण विषय चार ओळींत आटोपण्यासारखा नाही.

सूचना अशी की, पुण्यातील मंदिरे, मशिदी, चर्च, बुद्धविहार, गुरुद्वारे आणि मठ यांनी आपापल्या ओवऱ्यांत, हॉलमध्ये, मागच्यापुढच्या खोल्यांत प्रौढांसाठी नियमित वर्ग चालवावेत. त्या वर्गांत अक्षरओळखीपासून सुरुवात होऊन आरोग्य, पैशाचे व्यवहार, हक्क, एखादे कौशल्य आणि वस्तीचे सामाईक प्रश्न इथपर्यंत शिक्षण पोचावे. आणि शासनाच्या शिक्षण विभागाने या जागांकडे अवघडून न पाहता त्यांना कामात सहभागी करून घ्यावे. मी स्वतः वारकरी घरातली आहे, गळ्यात माळ आहे. तरीही हे मी धर्मप्रचारासाठी सुचवत नाही. श्रद्धेच्या ठिकाणी माणसे आधीपासून जमतात, तिथे त्यांचा विश्वास असतो. आणि श्रद्धेमुळे माणूस आपल्या पायांवर उभा राहतो असे आपण मानत असू, तर त्या उभे राहण्यात वाचता येणे, हिशेब कळणे आणि प्रश्न विचारता येणे हेही धरले पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बँकेतील नोकरीत माझी बरीच वर्षे काउंटरमागे गेली. पैसे काढण्याच्या स्लिपवर अंगठा उमटवण्यासाठी शाईचे पॅड पुढे सरकवले की समोरच्या बाईची नजर खाली जाते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. निवृत्तीनंतर सिंहगड रस्त्यालगतच्या एका वस्तीतील विठ्ठल मंदिरात मी आणि माझ्या दोन मैत्रिणी मिळून स्त्रियांचा वर्ग घेतो. वर्गाची वेळ दुपारी अडीचची, कारण धुणीभांडी करणाऱ्या बायकांची सकाळची कामे उरकल्यानंतर आणि संध्याकाळची सुरू होण्यापूर्वी तेवढाच वेळ त्यांच्या हाती असतो. हाच वर्ग शाळेत भरला असता तर यातल्या निम्म्याही आल्या नसत्या, असे त्याच सांगतात. शाळेत जायचे म्हणजे आपल्याला येत नाही हे चारचौघांत कबूल करायचे, तेही आपला नातू ज्या बाकावर बसतो त्याच बाकावर बसून. देवळात जायला मात्र कुणाला कारण सांगावे लागत नाही. सासूला किंवा नवऱ्याला 'देवळात जाऊन येते' एवढे सांगितले की पुरते.

या वर्गातल्या एका मावशींना हरिपाठ तोंडपाठ आहे. त्यांच्यापुढे मोठ्या टायपातली हरिपाठाची पोथी ठेवली आणि म्हणता म्हणता शब्दांखालून बोट सरकवायला सांगितले, तेव्हा तोंड पुढे गेले आणि बोट मागे राहिले. बोट ओळीच्या मध्यावर होते आणि म्हणणे ओळ संपवून पुढच्या चरणावर पोचले होते. मावशी थांबल्या, मागे आल्या आणि 'हरि' हा शब्द त्या पानावर कुठे कुठे आहे ते शोधू लागल्या. तो आकार डोळ्यांत बसल्यावर 'ह' सुटा झाला, 'रि' सुटी झाली. 'ह' वरून हळद आली, वेलांटी काढून टाकल्यावर 'र' वरून रवा आला, आणि दोन्ही डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या त्यांनी त्याच दुपारी आपल्या हाताने लिहिल्या. आयुष्यभर कानांनी आणि जिभेने जपलेला मजकूर प्रौढ माणसाच्या हाती असतो, हे श्रद्धेच्या ठिकाणी शिकवण्याचे फार मोठे बळ आहे. लहान मुलाला कमळाचे चित्र दाखवावे लागते. इथे पानावर काय लिहिले आहे ते शिकणाऱ्याला आधीच ठाऊक असते, फक्त ते कसे लिहिले आहे हे ओळखायचे उरते.

अर्थात इथेच थांबले तर फसगत होते. पाठ असलेले म्हणता येणे म्हणजे वाचता येणे नव्हे, आणि केवळ पोथीपुरते वाचन शिकवून समाधान मानणारा वर्ग अर्ध्या वाटेवर सोडून देतो. म्हणून हरिपाठाच्या पाठोपाठ आम्ही वीजबिल, रेशनकार्ड, मुलाच्या शाळेतून आलेली सूचना आणि औषधाच्या गोळ्यांची पट्टी घेतो. पट्टीवरची मुदत इंग्रजी आकड्यांत छापलेली असते आणि मोबाइलवर पैसे पाठवतानाही तेच आकडे दिसतात, म्हणून मराठी आणि इंग्रजी आकडे बरोबरच शिकवावे लागतात. तोंडी हिशेबात या बायका आमच्यापेक्षा तयार असतात. त्यांना हवी असते ती कागदावरची आणि पडद्यावरची रक्कम स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहण्याची सवय.

डोळ्यांवरून आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण प्रौढ शिक्षणाविषयीच्या चर्चेत ती सहसा येत नाही. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते. ज्यांना वाचायची सवय आहे ते चष्मा करून घेतात. जिला वाचायचेच नसते तिला चाळिशी लागल्याचे कळतही नाही. अशी बाई वर्गात येते, तिला अक्षरे एकमेकांत मिसळलेली दिसतात, 'घ' आणि 'ध' यांतला फरक लागत नाही, आणि 'माझे डोके आता चालत नाही' असे म्हणून ती दुसऱ्या आठवड्यात येणे बंद करते. बुद्धीचा दोष समजून सोडून दिलेले कितीतरी शिक्षण प्रत्यक्षात चष्म्याअभावी सुटलेले असते. पाटी-पुस्तकाआधी डोळे तपासून घेणे हा प्रौढ वर्गाचा पहिला पाठ असायला हवा, आणि आरोग्य शिबिरे भरवण्याचा अनुभव असलेल्या देवस्थानांना, चर्चना आणि गणेश मंडळांना हे काम सहज जमण्यासारखे आहे.

श्रद्धेच्या जागांकडे आणखी एक ठेवा आहे: त्यांचे कालमान. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास असतो आणि त्या चार महिन्यांत आपल्याकडे घरोघरी काही ना काही नेम धरला जातो. कुणी एक वेळ जेवते, कुणी रोज तुळशीला प्रदक्षिणा घालते, कुणी पोथी लावते. आषाढी पौर्णिमेपासून बुद्धविहारांत वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज ग्रंथवाचन चालते. रमजानच्या महिन्यात कुराणाचे पठण होते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात चर्चमध्ये शास्त्रवाचनाला गर्दी असते. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, थोडे थोडे करण्याची शिस्त प्रौढ माणसाला नव्याने लावणे हे या कामातले सर्वांत अवघड काम असते, आणि ती शिस्त श्रद्धावान माणसाच्या अंगी आधीच बाणलेली असते. यंदाच्या चातुर्मासात रोज एक पान लिहिण्याचा नेम धरा, असे एखाद्या कीर्तनकाराने आपल्या श्रोत्यांना सांगितले तर त्याचे वजन शासकीय परिपत्रकाहून कितीतरी अधिक असेल. विहारात वर्षावासाचे वाचन एकच शिकलेली व्यक्ती करत असेल, तर रोजची निदान दोन वाक्ये नव्याने शिकणाऱ्या एखाद्या उपासिकेला वाचायला द्यावीत.

यातले काहीही पुण्याला परके नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये कामकरी आणि शेतकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली, ती याच शहरात; आणि ज्या जोतिरावांनी धर्माच्या नावाखाली चाललेल्या अन्यायावर आयुष्यभर आघात केले, त्यांचीही निर्मिकावर, म्हणजे विश्वाच्या एकमेव निर्मात्यावर, श्रद्धा होती आणि त्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाला त्या श्रद्धेचाच पाया होता. रमाबाई रानडे स्वतः लग्नानंतर वाचायला शिकल्या आणि प्रार्थना समाज या एकेश्वरवादी सुधारक पंथाच्या वातावरणात घडल्या. त्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने मोठ्या वयाच्या स्त्रियांना शिकवले, आणि त्यांच्यातल्या काहींना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवून कमावते केले. प्रार्थना समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी ऑक्सफर्डला गेले, आणि परत आल्यावर त्यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यवर्गाच्या शिक्षणासाठी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. नाना पेठेतील अहिल्याश्रम हे त्यांच्याच कार्याचे पुण्यातले केंद्र. देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, आणि पुढे विहारांच्या जोडीने अभ्यासिका उभ्या करण्याची परंपरा बौद्ध समाजाने जपली. आळंदीत विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. संत वाङ्मयाचे शिक्षण घ्यायला खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांसाठी एवढी व्यवस्था शतकभर टिकते, तर त्या कीर्तनाला बसणाऱ्या निरक्षर बाईसाठीही काही व्यवस्था का टिकू नये?

मात्र पुण्याच्याच इतिहासात या कामातला धोकाही लिहून ठेवलेला आहे आणि त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. धर्माच्या बाबतीत तिथे तटस्थता राहील, असे आश्वासन होते. काही विद्यार्थिनी रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा शहरात वादळ उठले, १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. त्या वादात कुणाचे किती चुकले यावर आजही मते वेगवेगळी असू शकतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, एकदा विश्वास उडाला की नुकसान शिकणाऱ्यांचे होते. याच शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे झाल्या. याच रमाबाईंनी दुष्काळात आणि प्लेगच्या काळात निराधार झालेल्या शेकडो स्त्रियांना केडगावच्या मुक्ती सदनात लिहा-वाचायला, विणायला, शिवायला आणि छापखाना चालवायला शिकवले, इतके की रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाई तिथल्या स्त्रियांच्या हातून झाली. एवढे सामर्थ्य असलेल्या कामालाही संशयाने घेरले. म्हणून श्रद्धास्थानातील वर्गाने पहिल्या दिवशीच आणि दाराशीच स्पष्ट सांगितले पाहिजे की, शिकण्याच्या बदल्यात कुणाकडून प्रार्थना, नामजप, वर्गणी वा धर्मांतर यांतले काहीही अपेक्षित नाही, आणि कुठल्याही धर्माची, जातीची व्यक्ती येथे येऊ शकते.

केवळ सांगून भागत नाही, जागेची रचनाही तशी करावी लागते. आमचा वर्ग सुरुवातीला सभामंडपात भरत असे. पाळीच्या दिवसांत बायका देवळात येत नाहीत, त्यामुळे दर महिन्याला प्रत्येकीचे चार दिवस बुडत आणि सलग काही शिकवता येत नसे. शेजारच्या गल्लीतल्या एका मुस्लिम भगिनीची शिकण्याची इच्छा होती, पण त्या पायरीपाशीच थबकत. विश्वस्तांशी बोलून वर्ग देवळामागच्या, स्वतंत्र दार असलेल्या खोलीत हलवला तेव्हा दोन्ही अडचणी सुटल्या. पाळीविषयीची ती रीत मला स्वतःला मान्य नाही आणि वर्गात त्यावर मोकळी चर्चाही होते. पण ती चर्चा संपेपर्यंत कुणाचे शिक्षण थांबवून ठेवणे योग्य झाले नसते.

आता थोडे शिक्षणाच्या व्याप्तीविषयी. सर्वांगीण विकास हा शब्द आपण भाषणांत सहज वापरतो. प्रौढ माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की, शिकलेले अक्षर त्याच्या शरीराच्या, कमाईच्या, घरातल्या नात्यांच्या आणि समाजातल्या स्थानाच्या उपयोगी पडले पाहिजे. सही करता येऊ लागलेली बाई कशावर सही करते आहे हे वाचू शकत नसेल, तर ती पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात आहे, कारण अंगठ्याच्या वेळी निदान कुणीतरी मजकूर वाचून दाखवत असे.

अक्षरापासून संघटनेपर्यंतचा प्रवास कसा होतो याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या येथील प्रौढ शिक्षण विभागाने १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या स्त्रियांमध्ये काम सुरू केले. त्या कामातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना आणि पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, आणि २००८ पासून तिच्यामार्फत घरोघरचा कचरा गोळा होऊ लागला. हे काम श्रद्धास्थानातून झालेले नाही. पण शिकणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यातला प्रश्न वर्गात आला की वर्ग वर्गापुरता राहत नाही, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

श्रद्धेच्या अंगाने असेच घडल्याचा दाखला कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात सापडतो. तिथल्या अँटिगोनिश गावातील सेंट फ्रान्सिस झेवियर या कॅथलिक विद्यापीठाने १९२८ मध्ये विस्तार विभाग काढला आणि फादर मोझेस कोडी यांच्या नेतृत्वाखाली धर्मगुरूंनी गरीब कोळ्यांचे, शेतकऱ्यांचे आणि खाणकामगारांचे छोटे अभ्यासगट सुरू केले. हे गट घरांच्या स्वयंपाकघरांत जमत. आपल्या मालाला भाव का मिळत नाही, व्यापाऱ्याचे कर्ज का फिटत नाही, याचा अभ्यास करत. त्या अभ्यासातून सहकारी पतसंस्था, सहकारी दुकाने आणि मासळीवर प्रक्रिया करणारे सहकारी कारखाने उभे राहिले. धर्मगुरूंनी कोळ्यांना धीर धरा, देव बघून घेईल असे सांगितले नाही. तुमचा हिशेब तुम्हीच मांडा, असे सांगितले. आपल्याकडे भिशी आणि बचत गट वस्तीवस्तीत आहेत. बचत गटाच्या बैठकीचे इतिवृत्त लिहायला गटातल्या प्रत्येकीला आळीपाळीने बसवले, तर वर्षभरात सचिवाच्या मुठीतले पुस्तक सगळ्यांचे होते.

या सूचनेवर एक गंभीर आक्षेप असा घेतला जाईल की, धर्माच्या छायेत शिकलेला माणूस आज्ञाधारक होतो, प्रश्न विचारत नाही, आणि स्त्रियांच्या बाबतीत तर धर्माने आजवर दार लावण्याचेच काम अधिक केले आहे. या आक्षेपात तथ्य आहे. कितीतरी देवस्थानांच्या आणि धार्मिक संस्थांच्या कारभारात स्त्रियांना स्थान नाही, आणि ज्या सभागृहाची किल्ली पुरुषांच्या हाती असते तिथला स्त्रियांचा वर्ग त्यांच्या मर्जीवर चालतो. हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले ते याच बंद दारांवर बोट ठेवण्यासाठी, आणि तशा टीकेची गरज सर्वच धर्मांना आहे. पण गाडगेबाबांचे काय म्हणाल? स्वतः शाळेत न गेलेला हा माणूस हातात खराटा घेऊन गाव झाडत असे आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्या तोंडून उत्तरे काढत असे. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, बळी देऊ नका, शिवाशिव पाळू नका, मुलांना शिकवा, हे तो विठ्ठलाच्या नावाने सांगत असे आणि लोक ऐकत असत. मंदिराबाहेरून तेच सांगणाऱ्यांचे त्यांनी इतके ऐकले असते असे मला वाटत नाही. श्रद्धा प्रश्नाला भिते असे गाडगेबाबांकडे पाहून कुणी म्हणणार नाही. म्हणून माझा आग्रह असा की, अशा प्रत्येक वर्गाच्या देखरेखीसाठी शिकणाऱ्यांतूनच निवडलेली समिती असावी, तिच्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात आणि खोलीची एक किल्ली त्या समितीकडे असावी. किल्ली देण्याची तयारी नसलेल्या संस्थेने वर्ग सुरू करू नये.

शासनाचा 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आखलेला आहे आणि त्याचा एकूण खर्च १०३७.९० कोटी रुपये आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी असलेल्या या कार्यक्रमात पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, जीवनकौशल्ये, व्यावसायिक कौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण असे पाच घटक आहेत आणि शिकवण्याचे काम स्वयंसेवकांकडे आहे. आखणी चांगली आहे. प्रत्यक्षात मात्र वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची मिळून १५० गुणांची चाचणी झाली की पुढच्या घटकांची फारशी विचारपूस होत नाही, असे माझ्या परिसरात दिसते. नोंदणी झालेली बाई, तिला शिकवणारा स्वयंसेवक आणि दोघांना दुपारी अडीच वाजता बसायला जागा, या तिन्ही गोष्टी एकत्र येणे हीच खरी अडचण आहे, आणि ती जागा श्रद्धास्थानांकडे आहे. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार संपूर्णपणे राज्याच्या निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत ते कुणावर लादता येत नाही. ही मर्यादा योग्यच आहे आणि या वर्गांनी ती मनापासून पाळावी. धार्मिक संस्थेच्या खोलीत धर्मनिरपेक्ष अभ्यासक्रम शिकवायला तिची आडकाठी नाही.

पैशाचा प्रश्नही फार मोठा नाही. सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्यात शिक्षण हे धर्मादाय उद्दिष्ट मानलेले आहे आणि अनेक देवस्थानांच्या घटनेत शिक्षणाचा उल्लेख असतोच. बहुतेक ठिकाणी तो शिष्यवृत्त्या आणि वह्यावाटप यांपुरता वापरला जातो. आठ-दहा शिकणाऱ्यांच्या वर्गाला फळा, खडू, वह्या, चष्मे आणि पंख्याखालची खोली लागते. एका उत्सवाच्या रोषणाईच्या अल्पशा भागात हे वर्षभर चालू शकेल. शिकवणाऱ्यांची उणीव पुण्यात पडू नये: निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, परिचारिका या शहरात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या देवळाच्या कट्ट्यावर बसलेले असतात. त्यांना प्रौढांना शिकवण्याचे चार-सहा दिवसांचे प्रशिक्षण शिक्षण विभागाने द्यावे. मोठ्या माणसाला 'चुकले' असे न म्हणता कसे सुधारावे, हे त्यात आवर्जून शिकवावे.

शेवटी एक विनंती आपल्या दैनिकाला. नव्याने वाचू लागलेल्या माणसाला वाचायला काही मिळत नाही. बालसाहित्य त्याला आपले वाटत नाही आणि वृत्तपत्राची अक्षरे त्याच्यासाठी फार बारीक व वाक्ये फार लांब असतात. परिणामी चाचणी उत्तीर्ण झालेली बाई सहा महिन्यांत पुन्हा विसरू लागते. आपण आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी, पाव पानाची एक चौकट नववाचकांसाठी द्यावी. टाइप मोठा असावा, वाक्ये छोटी असावीत, सुरुवातीला जोडाक्षरे कमी असावीत. विषय मात्र मोठ्या माणसांचे असावेत, म्हणजे पाणीपट्टी, रक्तदाब, रेशन, बसच्या मार्गातले बदल, भाजीचे भाव, वारीच्या बातम्या. पहिल्या काही आठवड्यांचा मजकूर तयार करून तो आमच्या वर्गात वाचून पाहण्याची आणि कुठल्या शब्दाशी कोण अडखळले ते आपल्याला कळवण्याची तयारी आमच्या वर्गातील स्त्रियांनी स्वतःहून दाखवली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी
सिंहगड रस्ता, पुणे